आचंद्रार्क फर्मान आणि पोपांची लेखणी

१० नोव्हेंबर १९६२. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची बैठक चालू होती. दोन हजारांहून अधिक बिशप जमलेले. मोस्तारचे (तेव्हाचा युगोस्लाव्हिया, आजचा बोस्निया-हर्झेगोविना) बिशप पेतर चुले बोलायला उभे राहिले आणि एकच मागणी पुन्हा पुन्हा मांडू लागले: मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या, मध्यवर्ती प्रार्थनेत संत योसेफाचं नाव घाला. बोलणं लांबलं, तेच ते मुद्दे येऊ लागले, कुजबुज सुरू झाली. शेवटी अध्यक्षस्थानी बसलेल्या कार्डिनलांनी त्यांना आवरतं घ्यायला लावलं आणि सभागृहात हशा पिकला. पोप जॉन तेविसावे आपल्या खोलीत टीव्हीच्या पडद्यावर ही बैठक पाहत होते. या अडखळत बोलणाऱ्या माणसाने कम्युनिस्ट राजवटीच्या तुरुंगात काय सोसलं आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

तीन दिवसांनी घोषणा झाली. ८ डिसेंबरपासून जगभरच्या मिस्सामध्ये योसेफाचं नाव घेतलं जाईल.

एक नाव घातलं, त्यात एवढं काय, असं वाटेल. पण ही प्रार्थना म्हणजे 'रोमन कॅनन'. भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू म्हणतो ती. इ.स. ६०४ मध्ये वारलेल्या पोप ग्रेगरी (थोरले) यांच्या काळापासून तिचे शब्द जवळपास जसेच्या तसे चालत आले होते. त्यात मरियेचं नाव होतं, प्रेषितांची होती, रोमच्या हुतात्म्यांची होती. मरियेच्या नवऱ्याचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात यासाठी रोमकडे अर्ज आले, ते फेटाळले गेले. 'कॅननला हात लावायचा नाही' हा संकेत इतका पक्का होता. आणि गंमत अशी की त्याच आठवड्यांत परिषदेत उपासनाविधीच्या सुधारणेवरच चर्चा चालू होती. मतदान व्हायचं बाकी होतं. पोप मतदानासाठी थांबले नाहीत.

या प्रसंगात पोपांचा अधिकार केवढा आहे ते दिसतं. कॅथलिक चर्चमध्ये पोपांना उपासनाविधी बदलता येतो का, हा प्रश्न कायद्यापुरता केव्हाच सुटलेला आहे: येतो. गेली साठ वर्षं भांडण पेटलंय ते पुढच्या प्रश्नांवरून. बदलता येतो म्हणजे किती? एका पोपने 'कायमचं' म्हणून लिहिलेलं दुसऱ्याने खोडलं तर पहिल्याच्या शब्दाचं काय? आणि पोपांनाही ज्याला हात लावता येत नाही, असं काही आहे का?

रोमला न विचारता

आधी 'विधी' म्हणजे काय ते पाहू. ऋग्वेद्यांची संध्या आणि यजुर्वेद्यांची संध्या यांत फरक असतो, पण दोघांनाही आपण संध्याच म्हणतो. कॅथलिक मिस्साचं तसंच आहे. गाभा एकच: वाचन, प्रवचन, अर्पण, ख्रिस्तप्रसाद. पण शब्द, क्रम, हावभाव, पोशाख, सणांची दिनदर्शिका हे सगळं वेगवेगळ्या परंपरांत वेगवेगळं. आज पोपांशी जोडलेली एकूण २४ चर्च आहेत: एक लॅटिन, म्हणजे रोमची, आणि २३ पूर्वेकडची. भारतात यांपैकी तीन नांदतात: लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा. वसईचे, गोव्याचे, मुंबईचे बहुतेक कॅथलिक लॅटिन विधीचे.

पहिली हजार-दीड हजार वर्षं हे विधी कुणी हुकूम काढून तयार केले नाहीत. अंत्युखिया, अलेक्झांड्रिया, रोम, मिलान, तोलेदो अशा मोठ्या गावांत जे चालत आलं ते आजूबाजूला पसरलं. आपल्या प्रांतात काय म्हणायचं ते बिशप ठरवी. रोमचा बिशप, म्हणजे पोप, रोमपुरतं ठरवी. बाकीचे त्याचं अनुकरण करत ते आदरापोटी. पुढे शार्लमेन राजाने आपल्या राज्यात रोमन पद्धत लावली, तीही राजकीय सोयीसाठी. लिऑंचा बिशप रोमला विचारल्याशिवाय एखादी प्रार्थना बदले आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

ही घडी मोडली ती दोन गोष्टींनी: छापखाना आणि प्रोटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन लूथर. छापखान्यामुळे पहिल्यांदाच सगळीकडे एकच ग्रंथ असणं शक्य झालं. लूथरमुळे ते गरजेचं वाटू लागलं, कारण कुठल्या गावात कुठली प्रार्थना गाळली किंवा घुसवली जातेय आणि तिच्यातून कुठलं मत डोकावतंय, हे कळायला मार्ग नव्हता. ट्रेंट इथली परिषद (१५४५ ते १५६३) उठताना मिस्साग्रंथाचं काम पोपांवर सोपवून गेली.

चंद्रसूर्य असेतो

१४ जुलै १५७० रोजी पोप पायस पाचवे यांनी फर्मान काढलं. पहिल्या दोन शब्दांवरून ते 'क्वो प्रिमुम' म्हणून ओळखलं जातं. नवा मिस्साग्रंथ सगळ्यांनी वापरायचा. त्यात कुणी काही घालायचं नाही, वगळायचं नाही, बदलायचं नाही. आणि हे सदासर्वकाळ. जो मोडेल त्याच्यावर सर्वसमर्थ परमेश्वराचा आणि प्रेषित पेत्र व पौल यांचा कोप होईल, असं शेवटी बजावलं.

मराठी वाचकाला ही भाषा ओळखीची वाटेल. आपल्याकडचे शिलाहार-यादवांच्या काळातले दानलेख आठवा. 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेतो, ही जमीन अमक्याची. मोडेल त्याला शाप. गधेगाळीच्या दगडांवर तर तो शाप असा कोरलेला असतो की चारचौघांत वाचायची पंचाईत. दान देणाऱ्या राजाच्या मनात खोट नव्हती. पण पुढे राज्य बदललं की दान पुढे चालवायचं की नाही, ते नवा राजा ठरवी. 'आचंद्रार्क'चा बंद प्रजेवर आणि अंमलदारांवर; पुढच्या राजाला तो बांधत नाही.

चर्चच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे: बरोबरीच्याचा हुकूम बरोबरीच्यावर चालत नाही. पोपांचा हुकूम बिशपांवर चालतो, धर्मगुरूंवर चालतो. पुढच्या पोपवर चालत नाही, कारण त्याचाही दर्जा तोच. हे फक्त नियमांच्या, शिस्तीच्या बाबतीत. श्रद्धातत्त्वांचं वेगळं, एकदा जाहीर झालेलं तत्त्व कुठलाही पोप मागे घेऊ शकत नाही. जुन्या लॅटिन मिस्साचे काही अभिमानी आजही 'क्वो प्रिमुम' पुढे करतात आणि म्हणतात, पायस पाचवे यांनी कायमचं म्हटलंय, त्याला कुणी हात लावू शकत नाही. त्यांची तळमळ मला समजते, पण हा युक्तिवाद टिकत नाही. कारण साधं आहे. अवघ्या ३४ वर्षांत, १६०४ मध्ये, पोप क्लेमेंट आठवे यांनी तोच ग्रंथ सुधारला. मग १६३४ मध्ये अर्बन आठवे यांनी. त्यानंतरही अनेकांनी.

फर्मानात एक खिडकी मात्र मुद्दाम उघडी ठेवली होती. ज्या ठिकाणचा किंवा ज्या संघाचा विधी २०० वर्षांहून जुना असेल, त्यांनी तो खुशाल चालू ठेवावा. म्हणून मिलानचा अम्ब्रोझियन विधी वाचला, पोर्तुगालमधल्या ब्रागाचा वाचला, डॉमिनिकन आणि कार्थुसियन संघांचे वाचले. २०० वर्षं का, तर तेवढ्या जुन्या विधीत लूथरचा वारा शिरलेला असणं शक्य नव्हतं. हाती सगळा अधिकार असताना जुन्याला अभय देणारं हे कलम मला फर्मानातलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. पुढच्या शतकांत त्याची आठवण वारंवार निघते, आणि दोन्ही बाजूंकडून निघते.

अर्बन आठवे यांचा किस्सा सांगायलाच हवा. ते स्वतः लॅटिन कवी. नित्यप्रार्थनेच्या ग्रंथातली शेकडो वर्षांची जुनी स्तोत्रं त्यांना गावंढळ वाटली. वृत्तं चुकलेली, व्याकरण ढिलं. त्यांनी विद्वान बसवले आणि स्तोत्रं अभिजात लॅटिनमध्ये घोटून घेतली. लोकांनी त्यावर एक म्हण केली: लॅटिन आलं, भक्ती गेली. आपल्याकडे कुणी जनाबाईच्या ओव्या शार्दूलविक्रीडितात बसवाव्यात तसा प्रकार. हुकूम पोपांचा, तो पाळलाही गेला. पण बेनेडिक्टाइन मठवासी आपली जुनीच स्तोत्रं गात राहिले, आणि तीन शतकांनंतर, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणेत, स्तोत्रांची जुनी रूपं परत आणण्यात आली. अधिकार वापरला गेला, कायदेशीर होता आणि चुकला. असं होऊ शकतं, एवढं इथे लक्षात ठेवू.

खालच्यांना किती मोकळीक

पोपांच्या अधिकाराला कायद्याची चौकट मिळाली ती १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत. तिथे दोन गोष्टी ठरल्या आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक, पोपांची अचूकता: श्रद्धा आणि नीती यांबाबत विशिष्ट अटी पाळून केलेली घोषणा चुकीची असू शकत नाही. दोन, पोपांचा कारभाराचा अधिकार: सगळ्या चर्चवर, थेट आणि सर्वोच्च. उपासनाविधीतले बदल दुसऱ्या खात्यात येतात. पोपांनी अमुक प्रार्थना बदलली म्हणजे तो बदल उत्तमच आहे, असं मानायची सक्ती कुठल्याही कॅथलिक माणसावर नाही. पाळायची आहे.

१९४७ मध्ये पायस बारावे यांनी 'मेदियातोर देई' या परिपत्रात सरळ लिहिलं की नवे विधी आणण्याचा, मंजूर करण्याचा आणि बदलण्याचा हक्क एकट्या पोपांचा. त्यांनी तो वापरलाही. त्याआधी ईस्टरची जागरणाची उपासना शनिवारी सकाळी उरकली जात असे. बाहेर लख्ख ऊन आणि आत 'ही रात्र धन्य' अशी प्रार्थना. पायस बारावे यांनी १९५१ मध्ये ती प्रयोग म्हणून रात्री नेली आणि १९५५ मध्ये सगळा पवित्र सप्ताहच नव्याने बांधला. आज ईस्टरच्या आदल्या रात्री वसईच्या चर्चबाहेर अंधारात अग्नी पेटवून मेणबत्त्या लावल्या जातात, त्याचं वेळापत्रक त्या निर्णयातून आलेलं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा अधिकार थोडा वाटून दिला. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्याचं २२ वं कलम सांगतं की उपासनेचं नियमन पोपांकडे, आणि कायद्याने दिलं असेल तेवढं बिशपांकडे. इतर कुणीही, अगदी धर्मगुरूनेही, स्वतःच्या मनाने काहीही घालू नये, गाळू नये, बदलू नये. 'कुणीही' हा शब्द गंभीरपणे घ्यायचा. २०२० मध्ये रोमने स्पष्ट केलं की स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देताना 'मी तुला स्नानसंस्कार देतो' याऐवजी 'आम्ही तुला देतो' असं म्हटलं तर तो संस्कार झालाच नाही. पुन्हा द्यावा लागेल. एका सर्वनामाने. सगळ्या समाजाला सामावून घ्यावं म्हणून कुणी प्रेमाने 'आम्ही' म्हणत असेल, तरी नाही.

भाषांतरांचं काम देशोदेशीच्या बिशप परिषदा करतात आणि रोममधलं उपासना खातं त्यावर मोहोर उठवतं. किती बारकाईने तपासायचं यावर रस्सीखेच चालू असते. २००१ मध्ये रोमने लॅटिनशी शब्दाला शब्द जुळवा असा आग्रह धरला. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोरी सैल केली आणि बिशपांच्या हाती जास्त दिलं.

एप्रिल १९६९

३ एप्रिल १९६९ रोजी पोप पॉल सहावे यांनी नव्या मिस्साग्रंथाच्या आदेशावर सही केली. तो अमलात आला ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी. १५७० नंतरचा हा सगळ्यात मोठा बदल. एकाऐवजी चार मुख्य प्रार्थना आल्या. बायबलचं वाचन एका वर्षाच्या चक्राऐवजी तीन वर्षांच्या चक्रात गेलं, त्यामुळे लोकांच्या कानावर कितीतरी अधिक बायबल पडू लागलं. वेदीच्या पायथ्याशी म्हणायच्या प्रार्थना गेल्या, अर्पणाच्या प्रार्थना नव्या आल्या. आणि लोकांना सगळ्यात जास्त जाणवले ते दोन बदल: आपली भाषा, आणि आपल्याकडे तोंड करून उभा असलेला धर्मगुरू.

परिषदेच्या दस्तऐवजात धर्मगुरूने वळावं असं कुठेही नाही. आणि लॅटिनचा वापर राखावा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मातृभाषेला वाढती जागा द्यायची मुभा होती. म्हणजे परिषदेने दार किलकिलं केलं. ते सताड उघडलं परिषदेनंतरच्या समितीने (तिचा सचिव अन्निबाले बुन्यिनी) आणि पोपांच्या सहीने. वसईत मिस्सा मराठीत आली, गोव्यात कोंकणीत. त्याआधी प्रवचन कळायचं, बाकी लॅटिन. बायका जपमाळ ओढत बसायच्या. ज्याने आपल्या आजीला आयुष्यात पहिल्यांदा मिस्साचे शब्द कळताना पाहिलं, त्याला या बदलाची खंत वाटणं अवघड आहे. पण खुद्द पॉल सहावे यांना ती वाटली होती. २६ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात त्यांनी कबूल केलं की आपण ख्रिस्ती शतकांची भाषा सोडतो आहोत, आणि ही किंमत मोठी आहे.

त्याच एप्रिलमध्ये, बावीस दिवसांनी, २५ तारखेला रोमने भारतासाठी बारा गोष्टी मंजूर केल्या. जमिनीवर बसून मिस्सा, वहाणा बाहेर, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, धर्मगुरूच्या अंगावर शाल, फुलं-धूप-दिव्यांची आरती. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्राचे फादर अमलोरपवदास हे या चळवळीचा चेहरा होते. कुठल्या धर्मप्रांतात काय लावायचं ते तिथल्या बिशपवर सोडलं. काहींनी डोक्यावर घेतलं, काहींनी 'चर्चचं देऊळ करताय' म्हणून कडाडून विरोध केला. मिस्सामध्ये आरती दिसली तर ती कुणा उत्साही धर्मगुरूची कल्पना समजू नका. तिच्या मागे रोमचा कागद आहे.

खोडलं की नाही?

नव्या ग्रंथावर टीका लगेच सुरू झाली. १९६९ च्या सप्टेंबरमध्येच कार्डिनल ओत्ताव्हियानी यांनी पोपांना एक टीकात्मक टिपण पाठवलं: यात अर्पणाचा, बलिदानाचा अर्थ पातळ झालाय. त्यानंतर १९७० च्या छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेतला मिस्साच्या व्याख्येचा परिच्छेद दुरुस्त झाला. इंग्लंडमधल्या लेखक-कलावंतांनी १९७१ मध्ये अर्ज केला की जुनी मिस्सा हा सांस्कृतिक ठेवा आहे, ती मारू नका. सह्या करणाऱ्यांत अगाथा ख्रिस्ती होत्या, ज्या कॅथलिक नव्हत्याच. सवलत मिळाली. पोपांनी यादी वाचताना त्यांच्या नावावर थांबून सही केली अशी आख्यायिका आहे, म्हणून त्या सवलतीला आजही अगाथा ख्रिस्तींचं नाव चिकटलेलं आहे.

फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्हर यांनी मात्र सवलत मागितली नाही. त्यांनी नवा विधी नाकारलाच. १९७० मध्ये त्यांनी आपला संघ काढला आणि ३० जून १९८८ रोजी पोपांची परवानगी नसताना चार बिशप नेमले. बहिष्कार ओढवला. जॉन पॉल दुसरे यांनी एकीकडे तो बहिष्कार जाहीर केला आणि दुसरीकडे बिशपांना सांगितलं की जुन्या मिस्साची ओढ असलेल्यांना उदार मनाने वाट द्या.

आणि मग आला या सगळ्या कथेतला खरा कायद्याचा पेच. ७ जुलै २००७ रोजी बेनेडिक्ट सोळावे यांनी 'सुम्मोरुम पोन्तिफिकुम' काढलं. त्यात म्हटलं की १९६२ चा मिस्साग्रंथ, म्हणजे जुन्या मिस्साची शेवटची आवृत्ती, कधीही रद्द झालेलाच नव्हता. एकाच रोमन विधीची दोन रूपं आहेत, एक नेहमीचं आणि एक विशेष. कुठल्याही धर्मगुरूला जुनं रूप वापरता येईल, बिशपला विचारायची गरज नाही. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं की आधीच्या पिढ्यांना जे पवित्र होतं ते आपल्यालाही पवित्र आणि थोरच राहतं, ते अचानक निषिद्ध ठरू शकत नाही.

पण पॉल सहावे यांनी १९७६ मध्ये कार्डिनलांसमोर सांगितलं होतं की नवा विधी जुन्याची जागा घेण्यासाठीच काढलाय. मग 'कधीच रद्द झाला नव्हता' कसं? कायदेपंडितांनी याच्यावर कागदाचे रीम खर्ची घातले. माझं मत विचाराल तर बेनेडिक्ट इतिहास सांगत नव्हते, मर्यादा घालत होते. हजार वर्षं लोकांना प्रार्थना शिकवणारा विधी एका सहीने 'रद्द' होऊ शकतो, हेच त्यांना मान्य नव्हतं. पोप झाल्यावर तीन आठवड्यांच्या आतच, ७ मे २००५ रोजी, लॅटेरन बॅसिलिकातल्या प्रवचनात ते म्हणाले होते की पोप म्हणजे ज्याचे विचार आणि इच्छा हाच कायदा, असा निरंकुश राजा नव्हे.

चौदा वर्षं गेली. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी 'त्रादित्सिओनिस कुस्तोदेस' काढलं. दोन रूपं वगैरे काही नाही. रोमन विधीच्या प्रार्थनेची एकमेव अभिव्यक्ती म्हणजे परिषदेनंतरचे ग्रंथ. जुनी मिस्सा हवी तर बिशपची परवानगी, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चमध्ये नको, आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूसाठी बिशपने रोमला विचारायचं. कारण त्यांनी दिलं ते एकीचं: मोकळीक जखम भरायला दिली होती, ती परिषदच नाकारायला वापरली जातेय. आणि आपण नवं काही करत नाही हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो पायस पाचवे यांचा. त्यांनीही पुरेसे जुने नसलेले विधी बंद केलेच होते की. टीकाकार म्हणाले, पण २०० वर्षांहून जुन्यांना त्यांनी अभय दिलं होतं! त्याच एका कलमाचे दोन अर्थ.

हे फर्मान निघालं तेव्हा बेनेडिक्ट हयात होते. व्हॅटिकनच्या बागेतल्या मठात राहत होते. आपल्या हुकमावर बोळा फिरताना पाहण्याची वेळ किती पोपांवर आली असेल? कायद्याने बघाल तर गुंता काहीच नाही. जी लेखणी २००७ मध्ये एकाच्या हातात होती, ती २०२१ मध्ये दुसऱ्याच्या हातात होती. आता ती लिओ चौदावे यांच्या हातात आहे. त्यांनी फ्रान्सिस यांचा नियम रद्द केलेला नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्डिनल बर्क यांनी सेंट पीटर्समध्येच जुन्या पद्धतीने मिस्सा अर्पण केली, तीही परवानगीने.

भाकरी चालेल का?

आता ज्याला पोपही हात लावू शकत नाहीत त्याकडे. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये सूत्र दिलं: संस्कार कसे द्यायचे हे चर्च बदलू शकतं, संस्कारांचा गाभा सोडून. गाभा म्हणजे ख्रिस्ताने स्वतः ठरवलेलं. स्नानसंस्काराला पाणी. मिस्साला गव्हाची भाकर आणि द्राक्षारस.

आपल्याकडे गहू हे सणासुदीचं धान्य होतं तेव्हाही नाचणीची, ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी मिस्साला चालली नसती. आजही नाही. ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लुटेनचा गहू रोमला चालतो. पूर्ण काढलेला नाही चालत, कारण मग तो गहू राहत नाही. 'ख्रिस्त पॅलेस्टाइनमध्ये जन्मला म्हणून गहू, कोकणात जन्मला असता तर?' हा प्रश्न विचारायला सोपा आहे. चर्चचं उत्तर: तो तिथेच जन्मला.

पण तेलाचं बघा. आजाऱ्यांच्या अभ्यंगाला शतकानुशतकं ऑलिव्हचं तेलच हवं होतं. १९७२ मध्ये पॉल सहावे यांनी ठरवलं की जिथे ऑलिव्ह मिळत नाही तिथे दुसरं कुठलंही वनस्पतीचं तेल चालेल. म्हणजे तत्त्वतः खोबरेलही. गहू गाभ्यात, ऑलिव्ह गाभ्याबाहेर. रेषा कुठे आहे हे दर वेळी आधीच ठाऊक असतं असं नाही. कधीकधी पोप ती ओलांडून दाखवतात तेव्हाच कळतं की ती तिथे नव्हती. कधी उलटही होतं. १९९४ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा देण्याबद्दल 'आम्ही देणार नाही' असं लिहिलं नाही. चर्चला तो अधिकारच नाही, असं लिहिलं.

गाभ्याबाहेरच्या भागालाही एक कुंपण आहे, नैतिक म्हणा हवं तर. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या ११२५ व्या परिच्छेदात लिहिलंय की चर्चमधल्या सर्वोच्च अधिकारालाही उपासना मनमानीने बदलता येत नाही; श्रद्धेच्या आज्ञेत राहून आणि उपासनेच्या गूढाचा आदर ठेवूनच बदलता येते. छान वाक्य आहे. फक्त ते मोडलं गेलं की नाही हे ठरवणारं, पोपांच्या वरचं, कुठलंही कोर्ट नाही.

वेदीकडे की लोकांकडे

आणि पोपांनी सांगूनही लोकांनी ऐकलंच नाही तर? याचं उत्तर केरळात आहे, आणि त्याचा एक धागा गोव्यातून जातो.

केरळचे संत थॉमसचे ख्रिस्ती पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून सिरियाक भाषेत पूर्व-सिरियन विधीने उपासना करत होते. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूर इथे सभा भरवली आणि त्या विधीवर लॅटिन रंधा चालवला. ग्रंथ दुरुस्त केले, पुष्कळ जाळले. १६५३ मध्ये मट्टांचेरीला लोकांनी बंडाची शपथ घेतली आणि समाज फुटला तो फुटलाच. ज्या भागाने रोमशी नातं ठेवलं तो म्हणजे आजचं सिरो-मलबार चर्च. महाराष्ट्रातल्या सिरो-मलबार लोकांसाठी १९८८ पासून कल्याणला त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

विसाव्या शतकात रोमने उलट पाऊल टाकलं. लॅटिन थर खरवडून जुना विधी परत आणायचं काम पायस अकरावे यांनी १९३४ मध्ये सुरू करायला लावलं, पायस बारावे यांनी १९५७ मध्ये तो मंजूर केला आणि १९६२ मध्ये तो वापरात आला. पण तोवर साडेतीनशे वर्षं गेली होती. लोकांच्या दृष्टीने 'जुनं' म्हणजे काय, यावरच एकमत उरलं नव्हतं. त्यात परिषदेनंतर अनेक ठिकाणी धर्मगुरू लोकांकडे वळले. एर्नाकुलम-अंगमालीच्या धर्मप्रांतात तर सगळी मिस्सा लोकांकडे तोंड करूनच होऊ लागली.

या चर्चमध्ये विधीबद्दल ठरवतं ते बिशपांचं सिनड, म्हणजे सभा, रोमच्या तपासणीसह. १९९९ मध्ये सिनडने मधला मार्ग काढला: पहिला भाग लोकांकडे, अर्पणाचा भाग वेदीकडे, शेवट पुन्हा लोकांकडे. तो सगळीकडे लागू होईना. ऑगस्ट २०२१ मध्ये सिनडने पुन्हा आदेश काढला. एर्नाकुलममध्ये धर्मगुरू आणि लोक रस्त्यावर उतरले. तिथल्या कॅथेड्रलमध्ये हाणामारी झाली आणि ते बंद ठेवावं लागलं. पोप फ्रान्सिस यांनी पत्रं लिहिली, प्रतिनिधी पाठवला, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी थेट व्हिडिओतून विनवलं: नाताळपर्यंत सिनडचं ऐका, चर्चपासून तुटू नका. नाताळ आला. काही ठिकाणी एखादी मिस्सा ठरल्या पद्धतीने झाली, बाकी पूर्वीसारखंच.

तोडगा निघाला तो २०२५ मध्ये, वाटाघाटींतून. ३ जुलै, संत थॉमसचा सण, त्या दिवसापासून एर्नाकुलम-अंगमालीच्या प्रत्येक धर्मग्रामात रविवारी किमान एक मिस्सा सिनडच्या पद्धतीने होईल. बाकीच्या मिस्सांना धर्मगुरू लोकांकडे तोंड करूनच उभा असतो.